जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं इंजिन कमी खर्चात बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी डर्ट बाइक हाती आली आहे. सुरू होते पण दम नाही, किंवा किकच हलत नाही. खिशाला परवडेल अशा बेताने इंजिन स्वतः बांधायचं आहे. अशांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं ८० ते २५० सीसीच्या एकसिलिंडर इंजिनांना धरून आहेत. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

इंजिन खोलायची वेळ आली आहे का, हे न खोलता कसं ओळखायचं?

आधी कॉम्प्रेशन मोजा. प्लग काढून गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटा कमी येतो. सिलिंडरमध्ये तेल साचलं असेल तर खोटा जास्त येतो. गेजागणिक फरक पडतो, म्हणून एका आकड्यावर फार विसंबू नका. पण १०० पीएसआयच्याही खाली असेल तर निदान वरचा भाग तरी खोलायचाच.

त्याहून जास्त सांगणारी आणि फुकटची तपासणी म्हणजे सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारणं. किक हळूहळू फिरवा, पिस्टनचा समोरचा अंग पोर्टसमोरून वरखाली जाताना दिसतो. उभे ओरखडे, पुसटलेलं अ‍ॅल्युमिनियम, रिंगांखाली उतरलेला तपकिरी डाग, सगळं तिथेच दिसतं. रिंग पोर्टसमोर आली की लाकडी काडीने हलकेच दाबून बघा. दबून परत येते ती मोकळी, ढिम्म हलत नाही ती कार्बनमध्ये रुतलेली.

मग मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचं) कव्हर काढा, मॅग्नेट दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली हलवा. किंचितही हलला तर क्रँकची बेअरिंग गेली. गिअरचं तेलही काढून बघा. थोडी करडी झाक चालते. चकाकते तुकडे चालत नाहीत, आणि पेट्रोलचा वास तर मुळीच चालत नाही.

इंजिन जाम आहे. किकवर उभं राहून जोर लावू का?

नको. किकचे दाते आणि शाफ्टच्या खाचा आधी तुटतील आणि जाम तसाच राहील. प्लग काढून भोकातून गंज सोडवणारं तेल भरपूर ओता आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे डोलवा. तरी सुटलं नाही तर हेड काढा आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. सुटलं म्हणून लगेच सुरू करू नका. ज्या ओलाव्याने सिलिंडर गंजला, तो खाली बेअरिंगपर्यंतही पोचलेला असतो.

नुसता पिस्टन आणि रिंगा बदलून भागेल का?

भागेल, पण जुना पिस्टन का गेला हे कळल्यावरच. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात: लोक नवा पिस्टन घालतात, जुना ज्या कारणाने गेला ते कारण तसंच असतं, आणि थोड्याच तासांत नवाही त्याच वाटेने जातो. काढलेला पिस्टन फेकू नका. तो इंजिनाचा पंचनामा असतो, फक्त वाचता आला पाहिजे.

ओरखडे चार कोपऱ्यांवर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. म्हणजे इंजिन गरम होण्याआधीच पिळलं, किंवा पिस्टन-सिलिंडरमधल्या फटीचं माप कमी ठेवलं गेलं. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), तेल कमी किंवा उष्णता जास्त. यात हवा ओढणारं सील हा नेहमीचा संशयित. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) घासून धुरकट झाला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत जात होती, आणि ती फक्त पिस्टनपाशी थांबलेली नसते, क्रँकच्या बेअरिंगमधूनच वर आलेली असते. माथ्याची कड वाळूने मारल्यासारखी खडबडीत असेल तर डेटोनेशन (मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम स्फोटणं): ठिणगीचं टायमिंग पुढे, कॉम्प्रेशन जास्त किंवा पेट्रोल कमी ऑक्टेनचं. माथ्याच्या मधोमध भोक पडलं असेल तर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं), प्लगची हीट रेंज (तो उष्णता किती वाहून नेतो) आणि टायमिंग हे तिन्ही तपासल्याशिवाय नव्या पिस्टनला हात लावू नका.

क्रँक चांगला आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

सिलिंडर काढल्यावर पिस्टन वरच्या टोकाला आणा. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर ओढा, सरळ खाली दाबा. बोटांना टिचकीएवढाही खटका लागता कामा नये. रॉड आडवा डोलतो, तो थोडा डोलणारच, घाबरू नका. खाली रॉड आणि क्रँकच्या चकतीमधली फट मात्र फिलर गेजने मोजून मॅन्युअलच्या मापाशी ताडून बघा.

खटका असेल तर नवा पिस्टन आत्ता घेऊ नका. ढिल्या क्रँकवर घट्ट पिस्टन बसवणं म्हणजे पिस्टनचे पैसे घालवून बसणं. पैसे साठेपर्यंत इंजिन डब्यात राहू द्या.

रॉड किट बदलायला क्रँक प्रेसवर खोलावा लागतो, आणि जोडल्यावर दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का हे डायल गेजवर पाहावं लागतं. रनआउट (फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते माप) साधारण ०.०५ मि.मी.च्या आत हवा. कित्येक मॅन्युअल त्याहून कमी मागतात. हे काम हातोडा आणि अंदाज यांचं नाही, क्रँक बांधणाऱ्या लेथवाल्याकडेच द्या. मजुरी आणि किट मिळून येणारा खर्च तयार क्रँकच्या किमतीशी मात्र आधी ताडून बघा. काही मॉडेलांना तयार क्रँकच स्वस्त पडतो.

क्रँकची ऑइल सीलं दिसायला चांगली आहेत. तीच ठेवू का?

इंजिन खोललंच आहे तर सीलं नवीच. दहा-पंधरा वर्षं पडून राहिलेल्या रबराची धार कडक झालेली असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा एक पंपच आहे. पिस्टन वर जाताना तो मिश्रण ओढतो, खाली येताना ट्रान्सफर पोर्टमधून वर ढकलतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं: पांढरा धूर, काळा ओला प्लग, आणि बाहेर एक थेंबही न सांडता गिअरचं तेल कमी होत जाणं. दुसरा प्रकार निदान धूर काढून ओरडून सांगतो. पहिला काही न बोलता इंजिन मारतो. सगळ्या रिबिल्डमधल्या सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी हा एक आहे.

बेअरिंग बाइकच्या कंपनीचीच घ्यावीत का?

गरज नाही, आणि खरी बचत इथेच आहे. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५ किंवा ६२०६. ही प्रमाण मापं आहेत. चांगल्या बेअरिंग कंपनीचं तेच बेअरिंग बाइकच्या डब्यातल्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. नंबरामागे ‘सी३’ असेल तर तेही लिहून घ्या. सी३ म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त. केस (क्रँककेस) आणि क्रँक गरम झाल्यावर बेअरिंग आवळलं जाऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. विकणाऱ्याने ‘साधं चालेल की’ म्हटलं तरी घेऊ नका. सीलांवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. फक्त क्रँकचं सील पेट्रोल आणि उष्णता सोसणारं असल्याची खात्री करा.

बसवताना केस ओव्हनमध्ये साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. केसवर टाकलेला पाण्याचा थेंब चरचरला की बेअरिंग जागेवर सोडा. ते ‘टक्’ करून स्वतःच्या वजनाने तळाशी बसतं. अडलं तर फक्त बाहेरच्या कडीवर दाब द्या; आतल्या कडीवर ठोकलं की नवं बेअरिंग तिथेच खराब झालं. आणि ब्लो-लॅम्पने एकाच जागी जाळ देऊ नका, केस वाकते.

कोणती हत्यारं विकत घ्यावीत, कशात जुगाड चालेल?

मॅग्नेट पुलर घ्याच, आणि तुमच्या मॅग्नेटच्या मापाचाच. काहींचे आटे उलटे असतात, आधी नीट बघा. स्क्रू-ड्रायव्हर घालून मॅग्नेट उचकटणाऱ्यांचे मॅग्नेट आणि केस दोन्ही जातात. इम्पॅक्ट ड्रायव्हरही हवा. जपानी इंजिनांचे कव्हरचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण त्यांची खाच जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. साधा फिलिप्स त्यात घसरतो आणि डोकं गुळगुळीत करून ठेवतो. टॉर्क रेंच उसना आणला तरी चालेल, पण आणा.

क्लच धरायचं हत्यार जुन्या क्लच प्लेटांना लोखंडी दांडा वेल्ड करून बनतं. केस वेगळी करायचा पुलर जाड पट्टीला भोकं पाडून करता येतो. केसच्या दोन भागांमध्ये पाना घालून उचकटणं हा मात्र जुगाड नव्हे. जोडाच्या पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडा आयुष्यभर हवा ओढत राहतो.

मॅग्नेटचा नट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची युक्ती चांगली आहे. फक्त पिस्टन सगळे पोर्ट झाकून वर आल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून कापली जाते.

सिलिंडर रिबोअर (आतून कापून मोठा) होईल का?

आधी तो कशाचा आहे ते बघा. आतल्या भिंतीला चुंबक घट्ट चिकटला आणि तळाशी लोखंड-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाची रेष दिसली तर लोखंडी स्लीव्ह (आत बसवलेली नळी) आहे. तो ०.२५, ०.५० मि.मी. असा वाढवत बोअर करता येतो. रेष नाही आणि चुंबकही धरत नाही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग. निकासिल हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. जर्मनीच्या माले कंपनीने ते १९६७ मध्ये आणलं. हा थर अतिशय पातळ आणि कडक असतो. तो बोअर करता येत नाही. गेला तर पुन्हा प्लेटिंग करायचं, नाहीतर स्लीव्ह बसवायची.

पण प्लेटिंगचा सिलिंडर ओरखडे दिसले म्हणून मोडीत काढू नका. पुष्कळदा ते ओरखडे नसतातच, वितळलेल्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, कापसाच्या बोळ्याने पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड फक्त त्या डागावर लावा. अ‍ॅल्युमिनियमवर ते फसफसतं, प्लेटिंगला काही करत नाही. फसफस थांबली, पाण्याने धुतलं आणि खाली गुळगुळीत भिंत निघाली की सिलिंडर वाचला. फसफस थांबतच नसेल तर तिथलं प्लेटिंग गेलेलं आहे आणि अ‍ॅसिड सिलिंडरच खात आहे, लगेच धुवा. पोर्टच्या कडांना अ‍ॅसिड लागू देऊ नका, त्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात.

लोखंडी सिलिंडर बोअरला देताना पिस्टन आधी घ्या आणि सोबत द्या. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो, डब्यावर छापलेल्या आकड्याने नाही. फटीचं माप पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलं असतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवा, कारण फोर-स्ट्रोकची कामं करणाऱ्या लेथवाल्याच्या ती ध्यानात राहत नाही. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या सगळ्या कडा, खासकरून वरच्या आणि खालच्या, बारीक कानशीने किंवा एमरी पेपरने किंचित मारून घ्यायच्या. बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. तसं केलं नाही तर पोर्टवरून जाताना रिंग कडेला अडकते आणि तुटते. एक्झॉस्ट पोर्टच्या मध्ये उभी पट्टी असेल तर त्या पट्टीसमोर पिस्टनला तेल जाण्यासाठी बारीक भोकं लागतात का, तेही पिस्टनसोबतच्या कागदात बघा.

शेवटी धुणं. पेट्रोलने पुसून होन केलेल्या (दगडाने घासलेल्या) सिलिंडरची कुरुंदाची पूड निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन घासा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत घासा. मग लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर लोखंडी स्लीव्ह बघता बघता गंज धरते.

कास्ट (ओतीव) पिस्टन घ्यावा की फोर्ज्ड (दाबून घडवलेला)?

मजेखातर चालवायच्या जुन्या बाइकला चांगल्या कंपनीचा कास्ट पुरेसा आहे. तो कमी फुगतो, त्यामुळे फट कमी ठेवता येते, आवाज कमी येतो. फोर्ज्ड जास्त मजबूत, पण त्याला फट जास्त लागते आणि तो पूर्ण गरम झाल्याशिवाय पिळून चालत नाही. जुना कास्ट पिस्टन त्याचे ठरलेले तास संपल्यावरही वापरत राहिलात तर स्कर्टला तडा जाऊन तुकडे खाली क्रँकमध्ये पडतात.

रिंग आणि पिस्टन बसवताना काय तपासायचं?

रिंग नुसती सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट मोजा. मॅन्युअल हाताशी नसेल तर बोअरच्या मि.मी.ला ०.००४ ने गुणा, ५४ मि.मी. बोअरला किमान ०.२ मि.मी.च्या आसपास येते. थोडी जास्त चालते. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात, म्हणून कानशीने मारून घ्या.

टू-स्ट्रोकच्या रिंगेची टोकं खाचेतल्या पिनवर बसतात, ती पोर्टमध्ये शिरू नयेत म्हणून. सिलिंडर उतरवताना टोकं पिनच्या दोन बाजूंना बसली आहेत ना, हे बोटाने चाचपा. रिंगेवरचा मार्क वर, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबल्याशिवाय सर्क्लिपला (पिस्टन पिन अडवणाऱ्या तारेच्या कडीला) हात लावू नका. सर्क्लिप नवीच, तोंड थेट वर किंवा थेट खाली. काढायच्या खाचेसमोर नको.

गॅस्केट घरी कापता येईल का?

क्लच आणि मॅग्नेट कव्हरची खुशाल कापा, गॅस्केट पेपर आणून. सिलिंडरखालची कापायची तर जाडी मूळच्याइतकीच हवी, कारण जाडी बदलली की पोर्टचं टायमिंग आणि स्क्विश (पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याची कड आणि हेड यांमधली फट) दोन्ही बदलतं. स्क्विश मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, क्रँक एकदा वरच्या टोकापलीकडे फिरवा आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. बहुतेक इंजिनांत ते १ ते १.५ मि.मी.च्या दरम्यान असतं.

सुरू करण्याआधी लीक टेस्ट घरी होईल का?

होते, आणि ब्लड प्रेशरच्या जुन्या यंत्राने छान होते. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, एका बुचातून नळी आत घ्या, दुसऱ्या टोकाला तो फुगा आणि डायल. पिस्टन खालच्या टोकाला ठेवा. डायल ३०० पर्यंत (मि.मी. पारा) असतो, म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय. या चाचणीला नेमका तेवढाच दाब लागतो. ३०० पर्यंत फुगवा आणि घड्याळ लावा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी घेऊन शोधाशोध करा: सिलिंडरचा तळ, केसचा जोड, रीड ब्लॉक (इनटेकमधला पाकळ्यांचा व्हॉल्व्ह), मॅग्नेटमागचं सील. आधी स्वतःच्या बुचांवर पाणी लावा, निम्म्या वेळा गळती तिथेच असते. क्लचच्या बाजूची गळती गिअरबॉक्सच्या तेल भरायच्या भोकातून कळते. तिथे साबणाचा पडदा धरा, फुगा आला की सील गेलं.

रीड, कार्ब्युरेटर आणि पाइपचं काय?

रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरा. टवका किंवा तडा दिसला तर बदला. कार्ब्युरेटरचे जेट तारेने टोचू नका, क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा.

पाइप मात्र गंभीरपणे घ्या. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप नुसता धूर बाहेर टाकत नाही. त्यातून परतणारी दाबाची लाट सिलिंडरबाहेर निसटलेलं मिश्रण परत आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे गणित बसवलं आणि १९६१ च्या सुमारास १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीला मिळाला आणि ते ज्ञानही सोबत गेलं. सांगायचं इतकंच, की चेपलेला, आतून तेलकट कार्बनने भरलेला पाइप लावून ‘नव्या इंजिनात दम नाही’ म्हणू नका.

पेट्रोलमध्ये तेल किती?

ज्या प्रमाणावर जेट बसवले आहेत तेवढं. ३२:१ म्हणजे ५ लिटरला साधारण १५६ मि.लि., ४०:१ म्हणजे १२५ मि.लि. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ हे अर्धसत्य आहे: जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं. तेल जेएएसओ (जपानी वाहन मानक) एफडी दर्जाचं घ्या. टीसी-डब्ल्यू३ बोटींच्या इंजिनांचं असतं, ते इथे नको. गिअरबॉक्समध्ये ओल्या क्लचला चालणारं, जेएएसओ एमए लिहिलेलं तेल घाला.

ब्रेक-इन (नवं बांधलेलं इंजिन रुळवणं) कसं करायचं?

सुरू करून सिलिंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत चालवा, रेस हलकेच कमी-जास्त करत राहा, मग बंद करून पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. गार असतानाच हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासा. मग मोकळ्या जागी अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, पण एकाच रेसवर लांबवर नको. उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिन ओढत नेऊ नका. थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद.

सुरू झालं, पण थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली येत नाही.

केबल अडकलेली नसेल तर कुठून तरी हवा ओढतंय. तसंच चालवू नका. इंजिन चालू असताना जोडांवर कार्ब क्लीनर थोडा थोडा मारा, पण गरम पाइपपासून लांब. जिथे मारल्यावर रेस बदलेल तिथे गळती आहे.

रेस आपोआप चढतच गेली आणि किल स्विचनेही बंद होईना, तर चोक ओढा किंवा एअर फिल्टरचं तोंड जाड फडक्याने बंद करा. बाइकवर बसला असाल तर वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून द्या.